नळ नव्हे, वॉशर बदला. आणि त्याचे माप नळावरच छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या फोनचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि चार्जिंग किती वॅटचे, हे तंत्रज्ञानाच्या पानावर नेमाने छापून येते. घरातल्या गळक्या नळाच्या वाट्याला मात्र ‘पाणी वाचवा’ एवढेच आवाहन येते. आवाहनाने नळ गळायचा थांबत नाही. आत रबराची एक लहान चकती, म्हणजे वॉशर, झिजलेली असते. ती कोणती आणि कोणत्या मापाची हे घरात कोणालाच ठाऊक नसते, म्हणून तो महिनोन्‌महिने गळत राहतो आणि शेवटी अख्खा नळच बदलला जातो. दुरुस्ती अडते ती कौशल्यापाशी कमी आणि मापापाशी जास्त. म्हणून मापांबद्दलच सविस्तर लिहीत आहे.

आधी गळती मोजावी. १०० मिलिलिटरची खूण असलेले भांडे नळाखाली ठेवून ते किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. दहा मिनिटे लागली तर दिवसाला १४.४ लिटर आणि वर्षाला ५,२५६ लिटर पाणी जाते. आकडा समोर असला की दुरुस्ती पुढे ढकलली जात नाही, आणि दुरुस्तीनंतर खरेच फरक पडला का, हेही तपासता येते.

मग पाणी नेमके कुठून येते ते पाहावे, कारण प्रत्येक जागेचा दोष वेगळा असतो. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर वॉशर, सीट (वॉशर जिथे दाबून बसतो ती बैठक) किंवा कार्ट्रिज (पाव वळशाच्या नळात पाणी अडवणारा आतला भाग). नळ चालू केल्यावरच मुठीखालून पाझरत असेल तर ग्लँडचे (मुठीच्या दांड्याभोवतीच्या नटाचे) पॅकिंग किंवा ओ-रिंग (रबरी कडे). भिंतीलगत ओल येत असेल तर आट्यांवरची टेप. फिरत्या तोटीच्या बुडाशी पाणी साचत असेल तर तोटीच्या ओ-रिंगा. एवढे न पाहता ‘नळ खराब झाला’ म्हणणे म्हणजे पायात काटा रुतला असताना चप्पल बदलण्यासारखे आहे.

जुन्या धर्तीचा, तीन-चार वळसे घेऊन बंद होणारा नळ सगळ्यांत सोपा. त्याची रचना अशी असते: मुठीला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली सरकतो, त्याच्या टोकाला जंपर असतो, जंपरवर रबरी वॉशर बसवलेला असतो आणि हा वॉशर पितळी सीटवर दाबला जाऊन पाण्याची वाट अडवतो. वॉशरवर सीटच्या कडेची गोल खाच पडली की पाणी निसटू लागते. अशा वेळी आपण मूठ आणखी आवळतो. त्याने खाच अधिक खोल होते, रबर फाटते आणि फटीतून जोरात निघणारे पाणी हळूहळू सीटचे पितळही खाऊ लागते. थोडक्यात, आवळून बंद केलेला नळ लवकर बिघडतो.

वॉशर बदलताना आधी मुख्य कॉक बंद करावा. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक एकदम जोर लावून फिरवू नये, त्याचा दांडा तुटू शकतो. थोडा पुढे, थोडा मागे असे करत तो मोकळा करावा. काम झाल्यावर पूर्ण उघडून पाव वळसा मागे आणून ठेवला तर पुढच्या वेळी तो जाम झालेला नसतो. नळ उघडून नळीतले पाणी जाऊ द्यावे आणि बेसिनच्या भोकात फडके कोंबावे. मुठीचा छोटा स्क्रू त्या भोकात गेला तर सगळे काम तिथेच थांबते.

मुठीवरचे झाकण पात्याने हलकेच उचकटावे, स्क्रू काढावा, मूठ वर ओढावी. खाली षट्कोनी नट दिसतो. पाना लावण्याआधी नळ अर्धा उघडा ठेवावा, म्हणजे वॉशर सीटवरून उचललेला राहतो आणि नट सहज सुटतो. नट डावीकडे फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचे अंग घट्ट धरावे. ही गोष्ट बरेच जण विसरतात. पान्याचा सगळा पीळ भिंतीतल्या एल्बोवर (नळीच्या काटकोनी जोडावर) जातो, एल्बो प्लॅस्टिकचा असेल तर तडकतो, आणि वॉशरचे काम भिंत फोडण्यापर्यंत जाते.

स्पिंडल बाहेर आला की जंपर त्याच्याबरोबर येतो किंवा आतच राहतो. आत राहिला तर पकडीने वर ओढावा. जुना वॉशर फेकून देऊ नये. त्याची तीन मापे घ्यावीत: बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि जाडी. ‘अर्ध्या इंची नळाचा वॉशर’ एवढे सांगून भागत नाही, कारण तो अर्धा इंच नळीचा असतो, वॉशरचा नव्हे. वॉशर सपाट आहे की उतरत्या कडेचा, हेही सांगावे. त्यावर अक्षरे असतील तर ती बाजू जंपरकडे आणि गुळगुळीत बाजू सीटकडे ठेवावी.

नवा वॉशर बसवण्याआधी बोटाने सीट चाचपावी. ती गुळगुळीत लागली पाहिजे. खड्डा किंवा चीर जाणवली तर नवा वॉशर काही आठवड्यांतच कापला जाईल. यावर दोन उपाय आहेत: सीट घासण्याचे हाताने फिरवायचे कटर, किंवा सीटवर बसणारी नायलॉनची टोपी. पुन्हा जोडतानाही स्पिंडल वर घेतलेला असावा. तो खाली असेल तर नट आवळताना वॉशर सीटवर चिरडतो.

मुठीखालून पाझरत असेल तर ग्लँडचा नट अष्टमांश वळसा आवळून पाहावा. त्याहून जास्त आवळला तर मूठ जड होते. तेवढ्याने न भागल्यास नट काढून टेफ्लॉन टेपचा पीळ करावा, त्याचे तीन-चार वेढे स्पिंडलभोवती द्यावेत आणि ते पात्याने खाली दाबून नट बसवावा. ओ-रिंग असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावावे, पेट्रोलियम जेली नव्हे. पाण्याच्या कामातल्या पुष्कळ रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात. खनिज तेलाने हे रबर फुगते, मग रिंग खाचेतून बाहेर येते आणि मूठ फिरेनाशी होते.

पाव वळशात उघडणाऱ्या नळांची गोष्ट वेगळी. त्यात वॉशर सीटवर दाबला जात नाही. कार्ट्रिजमध्ये ॲल्युमिनाच्या (एका कठीण सिरॅमिकच्या) दोन चकत्या आरशासारख्या सपाट घासून एकमेकींवर बसवलेल्या असतात आणि एक फिरली की भोकांची जुळणी सुटून पाणी थांबते. या चकत्या फार टिकाऊ असतात. त्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण आणि क्षाराचा थर. पाणीपुरवठा खंडित होऊन पुन्हा सुरू झाल्यावर नळीत सुटलेला गाळ पहिल्याच झोतात येतो. त्यामुळे पाणी आल्यावर तोटीच्या टोकाची जाळी काढून, नळ हळूहळू उघडून मिनिटभर पाणी वाहू द्यावे.

असा नळ गळू लागला की दुकानदार सहसा नवा नळ समोर ठेवतो. त्याआधी कार्ट्रिज काढून पाहावे. दोष पुष्कळदा चकत्यांत नसतो, तर कार्ट्रिजच्या तळाशी असलेल्या रबरी सीलमध्ये किंवा त्याखाली अडकलेल्या कणात असतो. कार्ट्रिज अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे, मऊ ब्रशने घासावे, सील उलटून पाहावे आणि नळाच्या अंगातली बैठक फडक्याने पुसावी. परत बसवताना कार्ट्रिजचे दोन्ही खुंट बैठकीच्या खाचांत नीट बसले पाहिजेत. ते वर राहिले आणि नट आवळला तर खुंट मोडतात आणि मग मात्र नवे कार्ट्रिज आणण्यावाचून इलाज राहत नाही.

नवे आणायचे झाले तर काय मोजायचे, हे नीट लक्षात घ्यायला हवे, कारण खरी अडचण इथेच येते. एक, मूठ ज्यावर बसते त्या दात्यांची संख्या. २० आणि २४ दाते नेहमी आढळतात आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून एका दात्यावर पेनने खूण करून मोजावे. दोन, एकूण उंची. तीन, नटाखालचे आटे. चार, बंद होण्याची दिशा. गरम आणि थंड पाण्याच्या जोडनळात एक कार्ट्रिज डावीकडे बंद होते, दुसरे उजवीकडे; दिशा चुकली तर मूठ उलटी चालते. एका दांडीच्या मिक्सरमध्ये बहुतेक वेळा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचे कार्ट्रिज असते, पण व्यास जुळला तरी तळाच्या खुंटांची जागा कंपनीगणिक बदलते. म्हणून जुने कार्ट्रिज सोबत नेणेच उत्तम.

भिंतीच्या जोडाबद्दल थोडे. टेफ्लॉन टेप आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे नळ आवळताना ती उलगडत नाही. पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचा तुकडा आत सुटून जाळीत जाऊन बसतो. टेप ताणून, आट्यांच्या खाचा दिसतील इतकी घट्ट ओढावी. पातळ टेपचे दहा-बारा वेढे लागतात, जाड टेपचे त्याहून कमी. नळ सरळ उभा करण्यासाठी आवळल्यानंतर मागे फिरवू नये. टेप फाटते आणि जोड गळतो. तो जास्त फिरला तर काढावा, टेप नव्याने गुंडाळावी आणि मग बसवावा. लवचीक जोडनळीच्या टोकाला मात्र टेप लावण्यात अर्थ नाही. तिथे पाणी अडवण्याचे काम नटातला रबरी वॉशर करतो, आटे नव्हे. उलट टेपच्या जाडीमुळे नट पूर्ण बसत नाही आणि वॉशर सैल राहतो.

फ्लशच्या टाकीची गळती सगळ्यांत फसवी, कारण तिचा आवाज येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि २० मिनिटे फ्लश करू नये. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर तळाचे सील गळते आहे. रंग आला नाही, पण टाकी पुन्हापुन्हा भरल्याचा आवाज येतो, तर पाण्याची पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाला लागली आहे का ते पाहावे. पातळी त्या तोंडाच्या सुमारे २५ मिलिमीटर खाली हवी. फ्लोटची (पाण्यावर तरंगणाऱ्या भागाची) उंची बहुधा स्क्रूने किंवा सरकत्या क्लिपने कमी करता येते. ती कमी करूनही पाणी थांबत नसेल तर भरण्याच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा झिजला आहे किंवा त्याखाली कण अडकला आहे.

तळाच्या सीलवर बोट फिरवावे. बोट काळे झाले तर रबर कुजले आहे आणि ते बदलायलाच हवे. टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी हे रबर लवकर कुजते. भांडे घासायचे ते बाहेरून घासावे, टाकीत वडी टाकू नये. दुहेरी फ्लशचा व्हॉल्व्ह पुष्कळ टाक्यांत पाव वळसा डावीकडे फिरवला की हातात येतो. त्याच्या तळाशी एक चपटी रिंग असते. कित्येकदा तिच्यावर आणि तिच्या बैठकीवर जमलेला क्षार पुसला तरी गळती थांबते, नाहीतर ती उलटी करून काही दिवस काम भागते. टाकी भरायलाच फार वेळ लागत असेल तर पाणी येण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी तुंबली आहे असे समजावे.

घरात आणखी कुठे गळती आहे का हे मीटर सांगते. रात्री सगळे नळ बंद केल्यावर आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी पुन्हा वाचावा. आकडा सरकला असेल तर दुसऱ्या रात्री फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून तेच करावे. आता आकडा थांबला तर दोष टाकीत, तरीही सरकला तर दुसरीकडे.

आता मूळ मुद्दा. अर्ध्या इंचाचा कोणताही नळ भिंतीतल्या अर्ध्या इंचाच्या जोडात बसतो, हे आपण गृहीत धरतो. ते आपोआप झालेले नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगवेगळे होते. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची तुलना केली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा ठरला. नळांचे बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे त्याच कुळातले आहेत. अर्ध्या इंचाच्या बीएसपीत एका इंचात १४ आटे असतात आणि बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर भरतो. म्हणजे मोजपट्टी लावली तर अर्धा इंच कुठेच सापडत नाही! हे नाव जुन्या लोखंडी नळीच्या आतल्या पोकळीवरून आले आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो २१ मिलिमीटर मोजून पाऊण इंची भाग घेऊन येतो.

मानक वेगळे असले की काय होते याचेही उदाहरण नळातच आहे. अमेरिकेत वापरात असलेल्या एनपीटी (नॅशनल पाइप टेपर) पद्धतीत अर्ध्या इंचाला एका इंचात १४ आटेच असतात, पण कोन ६० अंशांचा असतो. एनपीटी नळ बीएसपी जोडात पहिले काही वळसे अगदी छान जातो, मग अडकतो, आणि कितीही टेप गुंडाळली तरी गळतो. त्याच नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या जाळीचे आटे मात्र मेट्रिक असतात. बहुतेक वेळा बाहेर आटे असतील तर २४ मिलिमीटर, आत असतील तर २२. एकाच वस्तूच्या दोन टोकांना दोन पद्धती, आणि त्यांपैकी एकही वस्तूवर छापलेली नसते.

आटे १८० हून अधिक वर्षांपूर्वी ठरले. कार्ट्रिजचे खुंट, दाते आणि उंची, फ्लशच्या सीलचा व्यास यांबाबत आज जो तो आपापली मापे वापरतो, आणि ती कंपनीच्या माहितीपत्रकातही क्वचितच दिलेली असतात. बनवणाऱ्याने तो नमुना बंद केला की चांगला पितळी नळ एका बोटभर भागापायी भंगारात जातो. हे टाळता येण्याजोगे आहे आणि म्हणूनच ते सहन करू नये असे मला मनापासून वाटते.

तंत्रज्ञानाच्या जगात याची जाण उशिरा का होईना, येऊ लागली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर, त्यांत तेव्हा स्मार्टफोन आणि लॅपटॉपही होते, दुरुस्ती किती सोपी आहे याचे १० पैकी गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना यूएसबी-सी हाच चार्जिंगचा जोड असावा लागतो. व्हिटवर्थ यांनी आट्यांसाठी जे केले, तेच हे चार्जरसाठी झाले. युरोपीय संघातच २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या स्मार्टफोनांचे महत्त्वाचे सुटे भाग त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे मिळतील अशी व्यवस्था ठेवणे बंधनकारक झाले आहे. फोनसाठी जे करता येते ते नळासाठी करता येणार नाही असे कोण म्हणेल? नळ तर फोनपेक्षा कितीतरी जास्त वर्षे भिंतीत असतो.

माझी पहिली मागणी नळ आणि टाक्या बनवणाऱ्यांकडे आहे. नळाच्या मुठीखाली, जिथे दिसायला काही बिघडत नाही तिथे, कार्ट्रिजचा क्रमांक, दात्यांची संख्या आणि बंद होण्याची दिशा कोरावी. फ्लशच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सीलचा आतला आणि बाहेरचा व्यास छापावा. साच्यात चार अक्षरे वाढवण्याइतकेच हे काम आहे.

दुसरी मागणी संपादक म्हणून आपल्याकडे. नव्या उपकरणाची ओळख छापताना शेवटी तीन ओळी जरूर द्याव्यात: बॅटरी किंवा झिजणारा भाग साध्या स्क्रूने निघतो की चिकटवलेला आहे, सुटे भाग किती वर्षे मिळणार आणि त्या भागाचा क्रमांक काय. आठवड्यातून एकदा एका घरगुती वस्तूचे आतले चित्र भागांच्या नावांसह आणि मापांसह छापले तर वाचक ते कापून जपून ठेवतील. सुरुवात वॉशर, सीट आणि जंपर यांच्या खऱ्या आकाराच्या चित्राने करता येईल. वाचकाला आपला जुना वॉशर त्या कागदावर ठेवून पाहता येईल.

आपला,
एक नियमित वाचक